शेवाळ की दगडफूल?

पाटीपेन्सिल: लेकीच्या गाईडमध्ये टुंड्राच्या धड्यात 'रेनडियर शेवाळ खाऊन जगतात' असं छापलंय. ती विचारते, शेवाळ तर आपल्या मोरीत येतं, ओल लागते त्याला. बर्फात कसं उगवेल? मला उत्तर सुचेना.

भटक्या: पोरीचं बरोबर आहे. इंग्रजीत त्याला 'रेनडियर मॉस' म्हणतात, कुणीतरी मॉसचं शेवाळ करून टाकलं. मुळात ते मॉसही नव्हे, लायकेन. बुरशी आणि शैवाल (सूक्ष्म हिरवी अल्गी) यांनी मिळून मांडलेला संसार. पारिभाषिक शब्द शैवाक.

खमंग: लायकेन म्हणजे आपलं गोड्या मसाल्यातलं दगडफूलच की!

भटक्या: दोन्ही लायकेनच, पण जात वेगळी. आपलं पापुद्र्यासारखं, खडकाला नाहीतर सालीला चिकटलेलं. तिकडचं जमिनीवर वाढतं, राखाडी, फांद्याफांद्यांचं. रशियनमध्ये 'यागेल'. वाढ वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर, त्यामुळे एकदा चरून संपलेलं रान पुन्हा भरायला दशकं जातात. सैबेरियातल्या यामल द्वीपकल्पावरचे नेनेत्स लोक कळप घेऊन वर्षाला शेकडो किलोमीटर चालतात ते याचमुळे: हिवाळ्यात दक्षिणेला झाडांच्या हद्दीकडे, उन्हाळ्यात वर कारा समुद्राकडे. अशा रानावर दाट वस्ती होणार कशी? (यामल म्हणजे त्यांच्या भाषेत 'जमिनीचं टोक'.) आणि 'खाऊन जगतात' हेही अर्धंच खरं. यागेल हा मुख्यतः हिवाळ्याचा चारा. उन्हाळ्यात गवत, खुरट्या विलो झुडपांचा पाला.

पाटीपेन्सिल: बर्फाखालचं दिसतं कसं त्यांना?

भटक्या: वासावर. मग खुरांनी उकरतात. पण वरचं हिम भुसभुशीत हवं. 2013 च्या नोव्हेंबरात यामलवर हिमावर पाऊस पडला आणि लगेच कडाका आला. वर काचेसारखा थर धरला, खूर चालेना. सुमारे 61 हजार रेनडियर उपाशी मेले. आपण भुसभुशीत काय न् टणक काय, दोन्हीला 'बर्फ'च म्हणतो, म्हणून ही गोष्ट मराठीत सांगताना अडखळायला होतं. निदान इथे तरी भुसभुशीत ते हिम आणि टणक तो बर्फ, असे वेगळे ठेवावेत.

शब्दवेल्हाळ: पण दगडच नसेल तर दगडफूल कसं म्हणायचं? माझं मत शैवाकला.

खमंग: शैवाक म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यांसमोर काही येतं का? वहीत शैवाक लिहा, समजावताना दगडफूल दाखवा.

पाटीपेन्सिल: दाखवलं. मसाल्याच्या डब्यातलं काढून हुंगलं तिनं. म्हणाली, "हे ते कच्चंच खातात?"