मदत हवी आहे: इंजेक्टर क्लीनरची बाटली टाकू की नको? उद्या सर्व्हिसिंग आहे

चाकरमानी४७: सकाळी स्टार्ट केली की इंजिन थरथरतं, दोनेक मिनिटं मिसिंग मारतं (मध्येच पेट घेत नाही), मग एकदम लोण्यासारखं. गॅरेजवाला म्हणतो पेट्रोलमध्ये इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारी तोटी) साफ करणारं क्लीनर टाका, ४५० ची बाटली. टाकू की नको एवढंच सांगा.

फीलरगेज: गाडी कोणती, साल, किलोमीटर? प्लग कधी बदलले? चेक इंजिनचा दिवा? इंजेक्शन पोर्टचं (व्हॉल्व्हच्या आधी फवारा) की डायरेक्ट? डायरेक्टमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरात पडतं, इनटेक व्हॉल्व्ह धुतलेच जात नाहीत. तिथला कार्बन बाटलीने हलत नाही.

पाटील_टॉपगिअर: बाटल्या म्हणजे उधळपट्टी. ९५ ऑक्टेन भरा, आपोआप साफ.

फीलरगेज: ऑक्टेनचा नि सफाईचा काय संबंध? ऑक्टेन म्हणजे नॉकिंग (पेट्रोल आपोआप पेटून होणारी ठकठक) न होऊ देण्याची क्षमता.

पाटील_टॉपगिअर: प्रीमियममध्ये डिटर्जंट घालतात, पंपावर बोर्डच असतो.

फीलरगेज: घालतात, पण मुख्यतः घाण बसू नये म्हणून. साचलेली काढायला पीईए, म्हणजे पॉलिइथरअमीन, चांगलं. लेबलवर ते नसेल तर बाटली घेऊ नका. टाकायचीच तर टाकी रिकामी होत आली की टाका, वर लगेच फुल करा आणि ती टाकी संपल्यावर ऑइल बदला. क्लीनरचा थोडा अंश पिस्टनच्या रिंगांवरून ऑइलमध्ये उतरतो. उद्या ऑइल बदलून परवा बाटली, ही उलटी गंगा.

चाकरमानी४७: २०१८ ची हॅचबॅक, १.२, पोर्ट. ७२ हजार. दिवा नाही. प्लग ६० हजारला बदललेत. तसं पेट्रोल लागतंच कुठे, गाडी सीएनजीवर असते.

फीलरगेज: अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं! गाडी पेट्रोलवर स्टार्ट होते, गरम झाली की गॅसवर जाते. तुमची दोन मिनिटं तीच. गॅस पेटवायला ठिणगी जास्त जोराची लागते, म्हणजे प्लग-कॉइल बिघडले असते तर मिसिंग गॅसवर आधी आलं असतं. इंजिन गरम असताना स्विच पेट्रोलवर टाकून बघा, तेव्हाही थरथरली तर दोष पेट्रोलच्या बाजूला. टाकीचा काटा कुठे आहे? शेवटचं पेट्रोल कधी भरलं?

कोल्हापुरी_क्लच: सीएनजीच्या सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची) झाली का? दर तीन वर्षांनी लागते. प्लेटवरची तारीख बघा.

चाकरमानी४७: टेस्ट झाली आहे, तो प्रश्न नाही. गरम इंजिनावर पेट्रोलवर टाकली, तरी थरथरते. काटा शेवटच्या कांडीवर. भरलं होतं गणपतीत बहुतेक.

पाटील_टॉपगिअर: ई२० चा (२० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचा) प्रताप. इथेनॉलवर उतारा म्हणून बाटली मिळते, ती टाका.

फीलरगेज: इथेनॉल ओलावा ओढतं हे खरं, पण पाणी खाली बसलं असेल तर कुठलीही बाटली ते गायब करत नाही. थोडं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून तासभर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करून घ्या. नसेल तर १० लिटर ताजं भरा आणि ४०-५० किलोमीटर फक्त पेट्रोलवर चालवा. पडून राहिलेल्या इंजेक्टरच्या तोंडाशी डिंक धरतो. रोज दोन मिनिटांच्या पेट्रोलने क्लीनर घातलेली टाकी संपायलाच महिने जातील. पुढेही पाव टाकी ठेवाच, टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो.

चाकरमानी४७: मग उद्या गॅरेजात काय सांगू?

फीलरगेज: ताज्या पेट्रोलने फरक पडला तर काहीच नको. नाही पडला तर इंजेक्टर काढून अल्ट्रासॉनिकला (ध्वनिलहरींच्या सफाईला) टाका म्हणावं. टेस्टिंग मशीनवर प्रत्येक इंजेक्टरखाली एक, अशा चारही नळ्यांतली पातळी सारखी येते का, दाबाखाली थेंब गळतो का, हे समोर उभं राहून बघा. बसवताना ओ-रिंग नव्या. ‘गाडीवरच साफ करतो’ म्हणाला तर नको म्हणा.