जुन्या संगणकाचा घरगुती टीव्ही रेकॉर्डर करता येईल का?

वाईकर:
नमस्कार मंडळी. आमच्या घरी चौथ्या पिढीचा कोअर आय-3 प्रोसेसर, 4 जीबी रॅम आणि 500 जीबी हार्ड डिस्क असलेला डेस्कटॉप वापराविना पडून आहे. गच्चीवर डीडी फ्री डिशची छत्री आहे आणि दिवाणखान्यात एका खासगी कंपनीची सशुल्क डीटीएच जोडणीही आहे. आईच्या दुपारच्या मालिकेच्या वेळी घरी नेमकी पाहुण्यांची वर्दळ असते आणि मला सह्याद्री वाहिनीवरील काही कार्यक्रम संग्रही ठेवायचे आहेत. हे काम या संगणकाकडून करून घेता येईल का? त्यासाठी ग्राफिक्स कार्ड घ्यावे लागेल का, विंडोज ठेवावे की लिनक्स घालावे आणि दोन्ही जोडण्यांवरचे रेकॉर्डिंग शक्य आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

छत्रीधर:
वाईकर साहेब, आपण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डापासून सुरुवात केलीत, पण या उद्योगात संगणकाचा प्रश्न शेवटी येतो. संकेत कुठून येतो आणि तो खुला आहे की कुलूपबंद, हे आधी ठरवावे लागते.

फ्री डिशचे प्रसारण 93.5 अंश पूर्वेकडील जीसॅट-15 या उपग्रहावरून होते आणि त्यातील एमपेग-2 (चित्र संकुचित करण्याची जुनी पद्धत) वाहिन्या खुल्या असतात. उपग्रहावरून येणारा प्रवाह आधीच डिजिटल आणि संकुचित असल्यामुळे संगणकाला त्यावर कोणतीही प्रक्रिया करावी लागत नाही; ट्यूनर कार्डाने (छत्रीचा संकेत संगणकात घेणाऱ्या कार्डाने) पकडलेला प्रवाह जसाच्या तसा डिस्कवर उतरवायचा, एवढेच त्याचे काम. त्यामुळे आपला आय-3 गरजेपेक्षा अधिकच सक्षम आहे आणि ग्राफिक्स कार्डाची आवश्यकता नाही. आपल्याला हवे आहे ते डीव्हीबी-एस2, म्हणजे उपग्रह प्रसारणाच्या मानकाचे, ट्यूनर कार्ड. टीबीएस 6902 सारख्या कार्डात दोन ट्यूनर असतात आणि ते मदरबोर्डवरील पीसीआय एक्सप्रेसच्या छोट्या खाचेत बसते.

इथे एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत. उपग्रहावरील एका ट्रान्सपाँडरवरून (ठरावीक वारंवारतेच्या प्रक्षेपकावरून) अनेक वाहिन्या एकत्रित येतात आणि ट्यूनर तो संपूर्ण गठ्ठाच पकडतो. म्हणून आईची मालिका आणि आपला कार्यक्रम एकाच ट्रान्सपाँडरवर असतील, तर एका ट्यूनरवर दोन्ही एकाच वेळी रेकॉर्ड होतात. दुसरा ट्यूनर लागतो तो वाहिन्या वेगवेगळ्या ट्रान्सपाँडरवर असतील तेव्हा. वाहिन्या शोधताना ज्यांच्यापुढे ‘स्क्रॅम्बल्ड’ (कुलूपबंद) असे दिसेल त्या सोडून द्याव्यात.

सशुल्क डीटीएचचा विचार मात्र करू नये. तिथले कार्यक्रम कंपनीच्या सेट-टॉप बॉक्समध्येच उलगडतात आणि एचडीएमआय तारेवरही एचडीसीपीचे (नक्कल रोखणारे) संरक्षण असल्याने कॅप्चर कार्डावर (बाहेरचे चित्र संगणकात घेणाऱ्या कार्डावर) बहुधा काळा पडदा दिसतो. बॉक्सच्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या एव्ही तारांमधून रेकॉर्डिंग करता येते, पण चित्राचा दर्जा घसरतो, संगणकाला ते नव्याने संकुचित करावे लागते आणि वाहिनी बदलण्यासाठी बॉक्ससमोर इन्फ्रारेड दिवा चिकटवून रिमोटची नक्कल करावी लागते. इतका खटाटोप करण्यापेक्षा त्याच कंपनीचा रेकॉर्डिंगची सोय असलेला बॉक्स घेणे शहाणपणाचे आहे.

अनुपमा_कु:
छत्रीधर यांच्याशी मी सहमत आहे. विंडोज की लिनक्स, या प्रणालीच्या प्रश्नाबद्दल लिहिते.

विंडोज 10 पासून मायक्रोसॉफ्टने टीव्ही रेकॉर्डिंगची सोय असलेले मीडिया सेंटर काढून टाकले. विंडोजच ठेवायचे असल्यास नेक्स्टपीव्हीआर हे रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर चालते, परंतु माझी पसंती लिनक्सवरील टीव्हीहेडएंड या तशाच सॉफ्टवेअरला आहे. ते पडद्यामागे सतत चालू राहते, त्याची सर्व व्यवस्था घरातील कोणत्याही संगणकाच्या ब्राउझरमधून करता येते आणि टीव्हीला जोडलेल्या यंत्रावरील कोडी या माध्यम-प्लेअरवरून आपल्या आईंना साध्या यादीतून कार्यक्रम निवडता येतो. मिथटीव्ही हे दुसरे सॉफ्टवेअरही चांगले आहे, पण त्याचा डेटाबेस सांभाळणे नवख्याला जड जाते. एक अडचण आधीच सांगून ठेवते: टीबीएसच्या या कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये (प्रणालीच्या गाभ्यात) नाही, तो वेगळा बांधावा लागतो, आणि कर्नल अद्ययावत झाला की पुन्हा बांधावा लागतो. म्हणून या संगणकावर आपोआप होणारी अद्यतने बंद ठेवावीत.

जागेचा हिशेब सोपा आहे. साध्या दर्जाच्या वाहिनीचा प्रवाह सेकंदाला 3 मेगाबिट धरला, तर एका तासाला सुमारे 1.35 जीबी लागतात. प्रणालीसाठी 60 जीबी सोडले तरी आपल्या डिस्कवर 300 तासांहून अधिक रेकॉर्डिंग मावेल. फाइल मूळ टीएस (प्रसारण-प्रवाहाच्या) स्वरूपातच ठेवावी, कारण मध्येच वीज गेली तरी तोपर्यंतचा भाग व्यवस्थित पाहता येतो.

विजेकडे अधिक लक्ष द्यायला हवे. असा डेस्कटॉप 60 वॅट खात असेल आणि अहोरात्र चालू राहिला, तर महिन्याला 43 युनिट होतात. त्याऐवजी आरटीसीवेक (ठरल्या वेळी संगणक जागा करणारी लिनक्सची आज्ञा) वापरून रेकॉर्डिंगच्या आधी संगणक जागा होईल आणि नंतर झोपेल अशी योजना करावी. भारनियमनासाठी छोटा यूपीएस घ्यावा आणि बायॉसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) वीज परत आल्यावर संगणक आपोआप सुरू होण्याचा पर्याय निवडावा.

वाईकर:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. गच्चीवरून खाली एकच तार आली आहे. तिला साधा स्प्लिटर लावून एक टोक फ्री डिशच्या बॉक्सला आणि दुसरे संगणकाला दिले तर चालेल का?

छत्रीधर:
तसे करू नये. तारेतून केवळ संकेत खाली येत नाही, तर बॉक्स छत्रीवरील एलएनबीला (संकेत पकडणाऱ्या टोकाच्या यंत्राला) वीजही वर पाठवतो. 13 व्होल्ट दिले की उभे ध्रुवीकरण (संकेताच्या लहरींची दिशा), 18 दिले की आडवे, आणि 22 किलोहर्ट्झचा सूर जोडला की वरचा वारंवारता पट्टा निवडला जातो. दोन यंत्रांनी एकाच एलएनबीला परस्परविरुद्ध आज्ञा दिल्या की एकाचे चित्र जाणार, आणि रेकॉर्डिंग चालू असताना ते गेल्याचे कुणाला कळणारही नाही. दोन स्वतंत्र मुखांचा ट्विन एलएनबी बसवून दुसरी तार खाली आणावी. कार्डाचे दोन्ही ट्यूनर बॉक्सबरोबरच वापरायचे असतील, तर चार मुखांचा क्वाड एलएनबी घ्यावा. त्याच वेळी छत्रीची दिशाही नीट जुळवून घ्यावी, कारण केयू पट्ट्यातील (डीटीएचच्या वारंवारता पट्ट्यातील) संकेत जोराच्या पावसात क्षीण होतो. टीव्हीहेडएंड प्रत्येक रेकॉर्डिंगपुढे प्रवाहातील त्रुटींची संख्या दाखवते. कोरड्या दिवसातही ती वाढत असेल तर दोष छत्रीत किंवा तारेच्या जोडात आहे असे समजावे.

जुना_बिंदुमाधव:
थोडी भर घालतो. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 39 नुसार स्वतःच्या खासगी उपयोगासाठी प्रसारणाचे रेकॉर्डिंग केल्यास प्रसारकाच्या हक्काचा भंग होत नाही. ते इतरांना वाटणे किंवा यूट्यूबवर चढवणे ही मात्र निराळी बाब आहे.

दुसरे असे की, फ्री डिशवरील खासगी वाहिन्यांच्या जागा ई-लिलावाने दिल्या जातात, त्यामुळे विशेषतः एप्रिलच्या सुमारास वाहिन्या येतात, जातात किंवा दुसऱ्या ट्रान्सपाँडरवर सरकतात. सेट-टॉप बॉक्सवर नवी यादी शोधली की आपले काम भागते, परंतु टीव्हीहेडएंडमध्ये जुन्या जागेचेच वेळापत्रक राहते आणि रेकॉर्डिंग होत नाही. तेव्हा शोध पुन्हा चालवून वाहिन्या नव्याने जोडाव्यात. कार्यक्रम पत्रिकेवरही फार विसंबू नये. ती अनेकदा अपुरी असते. आईंच्या मालिकेसाठी वार आणि वेळ थेट नेमून द्यावी आणि आधी 5 व नंतर 15 मिनिटे जादा ठेवावीत.