टॉन्सिल्सचं ऑपरेशन: कोल्ड, कॉटरी की कोब्लेशन? अनुभव सांगा

लेकीचे टॉन्सिल्स काढायचेत. घसा सारखा धरतो, ताप, अँटिबायोटिक, जरा बरं वाटतं की परत तेच, वर्षात सातच्या वर गेलं तेव्हा डॉक्टरांनीच ऑपरेशनचं नाव काढलं. आता एक ईएनटी म्हणतात कोब्लेशन करा, दुसरे म्हणतात कोल्डच बरं. ज्यांच्याकडे झालंय त्यांनी सांगा, किती दुखलं, नंतर रक्त वगैरे आलं का.

– माझं मोठेपणी झालं, कोल्ड. म्हणजे काही न तापवता हत्यारांनीच टॉन्सिल सोडवतात आणि रक्तवाहिन्या टाक्याने बांधतात, वेळ जास्त लागतो, टेबलावर रक्तही जास्त जातं. सुरुवातीला वाटलं एवढंच होय, आणि मग जे काही सुरू झालं ते विचारू नका, घशापेक्षा कानच ठणकायला लागले! कानाला काही झालेलं नसतं, घशाची आणि कानाची नस एकच म्हणून. लहान मुलं लवकर सावरतात, मोठ्यांचे हाल.

– आमच्या चिरंजीवांचं कॉटरीने, म्हणजे विजेने तापवलेल्या हत्याराने. झटपट झालं, रक्त जवळजवळ नाहीच. पण ते टोक चारशे डिग्रीच्या आसपास तापतं, आजूबाजूचंही भाजतं, त्यामुळे दुखणं भरपूर. पडजीभ सुजून टप्पोरी झाली होती, घशात दोन्हीकडे पांढरट थर आणि तोंडाला वास असा की जवळ बसवेना. तो पू नसतो बरं का, खपली असते.

– कोब्लेशन, माझं स्वतःचं. सलाईन आणि रेडिओफ्रिक्वेन्सी करंटवर चालतं, 40 ते 70 डिग्रीच, म्हणून कमी भाजतं. दुखलं खरंच कमी. पण खपली सुटायच्या वेळी, पाचव्या ते दहाव्या दिवसात धोका असतो म्हणतात ना, तेव्हाच रात्री तोंडात खारट चव आली, बेसिनमध्ये थुंकलो तर लालभडक गुठळी. तडक इमर्जन्सी आणि परत ओटीत. त्यामुळे कोब्लेशन म्हणजे बिनधोक हे मला कुणी सांगू नये.

– बरोबर बोललात दादा. इंग्लंडमध्ये 2003-04 ला टॉन्सिलच्या ऑपरेशनांचं मोठं ऑडिट, म्हणजे पाहणी, झालं होतं, त्यात नुसत्या कोल्डपेक्षा गरम पद्धतींत, कोब्लेशनसकट, नंतरचं रक्त जास्त वेळा आलेलं दिसलं. माझ्या मते सर्जनचा हात ज्यावर बसलाय ती पद्धत घ्यावी, नवं मशीन आहे म्हणून नको.

– आमची केस वेगळी, मुलगा घोरायचा आणि झोपेत श्वास अडकायचा. इंट्राकॅप्सुलर केलं, म्हणजे बाहेरचं आवरण ठेवून आतला भाग काढतात. खालचा स्नायू उघडा पडत नाही म्हणून दुखणं कमी, रक्ताचा धोकाही कमी, पोरगा लगेच खायला मागायला लागला. उरलेला तुकडा क्वचित परत वाढतो एवढीच मेख. सारखं इन्फेक्शन असेल तर मात्र बरेच सर्जन पूर्णच काढा म्हणतात.

– थँक्यू सगळ्यांना, इंट्राकॅप्सुलरचं आम्हाला कुणी बोललंच नव्हतं, विचारते. नंतर ती पाणी प्यायला तोंडच उघडणार नाही ही भीती आहे, काय करता?

– ताई, दुखण्याचं औषध ती रडायची वाट न बघता घड्याळ लावून दे, रात्रीचंसुद्धा, आणि त्याचा असर चढला की घोट घोट पाणी. गिळत राहिलं की घसा आखडत नाही. बारा वर्षांखाली कोडीन हे दुखण्याचं औषध नको, आणि झोपेत सारखी गिळताना दिसली तर टॉर्च मारून घसा बघ, रक्त दिसलं तर थोडंसंच आहे म्हणून थांबू नकोस, सरळ हॉस्पिटल गाठ.