बीदरचा महमूद गवान मदरसा: विद्यार्थ्यांना काय दाखवावं?

प्रश्न
स्थापत्याच्या विद्यार्थ्यांना बीदरला नेतोय. मदरसा (१४७२) इराणी धाटणीचा म्हणतात, ते नेमकं कशावरून? दर्शनी बाजू अर्धीच का उरली? टाइल्स इतक्या का गळल्या?

प्रतिसाद १
धाटणी आराखड्यात आहे. मधोमध चौरस चौक आणि त्याच्या चारही बाजूंच्या मध्यावर एकेक इवान, म्हणजे चौकाकडे उघडणारी उंच कमान. इराणच्या खुरासान भागातल्या खर्गिर्दच्या मदरशात (१४४४) हीच मांडणी आहे. मदरसा बांधणारा गवान मूळचा इराणमधल्या गिलानचा, बहमनी राज्याचा वजीर. विशाळगड आणि गोवा घेणारा तो हाच. गोवा तर मदरशाच्याच वर्षी घेतला.

पण इमारत निव्वळ नक्कल नाही. साधारण २०५ × १८० फुटांची, तीन मजली. उत्तर, दक्षिण आणि पश्चिमेला दालनं अर्ध-अष्टकोनी आकारात भिंतीबाहेर येतात, वर घुमट. म्हणून आधी बाहेरून पूर्ण फेरी मारा, मग चौकात जा. आतून सुरुवात केली तर हे पुढे आलेले भाग लक्षातच येत नाहीत.

प्रतिसाद २
मुघलांच्या ताब्यात गेल्यावर इथे फौज राहिली, बंदुकीची दारूही साठवली गेली. सतराव्या शतकाच्या अखेरीस तिचा स्फोट झाला. प्रवेशद्वार, दर्शनी भिंतीचा दक्षिण भाग आणि एक मिनार गेला. हानी फार मोठी, पण अभ्यासाला तुटलेली कड सोडू नका: भिंतीची जाडी, चुन्याचे थर, एकावर एक मजल्यांच्या कमानी, सगळं छेदात, म्हणजे इमारत कापून पाहिल्यासारखं, दिसतं. कागदावर काढायला लावा.

प्रतिसाद ३
टाइल्सबद्दल. त्या चुन्याच्या थरावर बसवलेल्या आहेत. भिंतीत पाणी मुरलं की क्षार विरघळतात, वाळताना टाइलच्या मागे स्फटिक होऊन फुगतात आणि टाइल सुटते. एक सुटली की उघड्या कडेतून पाणी शिरतं, मग शेजारची जाते. अशा भिंतीत सिमेंट भरणं सर्वांत वाईट. ओल बाहेर पडायची वाट बंद होते आणि ती जुन्या टाइलमागूनच निघते. दुरुस्ती चुन्यातच हवी.

उरलेल्या मिनारावर नागमोडी पट्ट्यांची नक्षी अजून कळते. दर्शनी बाजू पूर्वेला आहे, त्यामुळे रंग बघायला सकाळीच पोहोचा. दुपारनंतर ती सावलीत जाते.