१२३४५६७८९८७६५४३२१ ला कशाकशाने भाग जातो?

अंकवेडा:
एक्सेलमधे १२३४५६७८९८७६५४३२१ टाकला तर शेवटी ४३०० दाखवतंय, ब्राउझरच्या कन्सोलमधे (जावास्क्रिप्ट लिहून बघायची खिडकी) टाकला तर ४३२०. म्हणजे दोघांच्या मते सम! शेवटी १ ढळढळीत दिसतोय राव. मुळात मला बघायचं होतं की ही मूळ संख्या आहे का, आणि नसेल तर भाग कशाने जातो, पण इथे आकडाच धड टिकत नाहीये.

शून्यशेष:
विषमच आहे, काळजी नको. एक्सेल १५ च अंक धरतं, पुढे शून्यं भरतं. कन्सोलमधला साधा नंबर २ च्या ५३ व्या घातापर्यंत म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंत सगळे पूर्णांक नीट मांडतो, त्याच्या वर तुमचा आकडा जिथे येतो तिथे फक्त सम संख्या बसतात. कन्सोलमधे आकड्याच्या शेवटी इंग्रजी छोटं n अक्षर जोडून बघा, सगळे अंक जसेच्या तसे येतील.
आणि मूळ वगैरे काही नाही, अंकांची बेरीज ८१ होते, ९ ने भाग गेलाच.

हातचा_एक:
अहो हा तर पूर्ण वर्ग आहे! १११११११११ गुणिले १११११११११. कागदावर मांडून बघा, नऊ ओळी एकेक घर सरकत जातात, अगदी मधल्या रकान्यातसुद्धा नऊच एक जमतात त्यामुळे हातचा कुठेच येत नाही. दहा एकांचा वर्ग केलात की सगळी मजा गेली, १२३४५६७९००९८७६५४३२१ येतं, डावीकडचा ८ गायब आणि मधे दोन शून्यं.

अंकवेडा:
भारीच! मग नऊ एकांचे अवयव काढले की काम झालं?

शून्यशेष:
झालंच. १११ × १००१००१ असं तोडा. १११ म्हणजे ३ × ३७, आणि १००१००१ म्हणजे ३ × ३३३६६७. वर्ग केला की ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग, ३३३६६७ चा वर्ग. प्रत्येक घातात १ मिळवून गुणलं की एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५. पूर्ण वर्ग असला की विभाजकांची संख्या विषमच येते, कारण वर्गमूळाला जोडीदार नसतो.

तर्कट:
थांबा, ३३३६६७ मूळ कशावरून? वर्गमूळ ५७७ च्या जरा पुढे येतं, मग ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघितलंत की काय?

हातचा_एक:
सगळ्यांनी कशाला. समजा एखाद्या मूळ संख्येने ३३३६६७ ला भाग जातो, तर तिने ९९९९९९९९९ लाही जाणार, म्हणजे १० च्या ९ व्या घाताला तिने भागलं की बाकी १. त्याआधी ३ ऱ्या घातालाच बाकी १ आली तर १००१००१ ची बाकी ३ होईल, ते चालत नाही (आणि ती संख्या स्वतः ३ नाही, ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८ आहे). म्हणजे बाकी १ पहिल्यांदा ९ व्या घातालाच येते. फर्माचं छोटं प्रमेय सांगतं की १० चा घात त्या मूळ संख्येपेक्षा १ ने कमी घेतला तरी बाकी १ येते, म्हणून त्या मूळ संख्येतून १ वजा केला की ९ ने भाग जायला हवा, आणि ती विषम असल्यामुळे १८ नेही. १९, ३७, ७३, १०९ असं करत ५७७ पर्यंत अशा १७ च निघतात, कॅल्सीवर पाच मिनिटांचं काम. एकानेही जात नाही, १९ ला बाकी ८ उरते, ५७७ ला १६१.