'बॅड बॉय'ला आपल्याकडे काय म्हणायचं?

तापीकाठ:
कॉलेजवाल्या पोरापोरींसाठी एक कादंबरी लिहितेय. पोरगी जळगावची, बारावी सायन्स, सकाळी क्लास संध्याकाळी क्लास, आणि मेहरूण तलावावर बुलेटच्या सायलेन्सरमधून फटाके काढत फिरणारा पोरगा. इंग्रजीत गुड गर्ल, बॅड बॉय म्हटलं की संपलं. आपल्याकडे 'वाईट मुलगा' लिहिलं की तो बालभारतीच्या धड्यातला वाटतो आणि 'गुंड' लिहिलं की पोलीस स्टेशन आठवतं. मला असा शब्द पाहिजे जो पोरगी मैत्रिणीजवळ वापरेल आणि वापरताना जरा लाजेल पण. टपोरी, मवाली, उनाड, वांड, टारगट एवढे जमवलेत. कुठला बसेल?

धुळेकर:
टपोरी नको बरं. तो मुंबईचा, आणि आपल्या घरात अजून ज्वारीचा दाणा टपोरा असतो नि मोगऱ्याची कळी टपोरी. मवाली हा बापाच्या तोंडचा शब्द, तो ठेव, पण बापालाच दे.

केळीबाग:
व्रात्य?

मास्तर:
व्रात्य म्हटलं की खोड्या काढणारं कार्टं डोळ्यापुढे येतं, बुलेट नाही येत. मुळात वेळेत मुंज न झालेला तो व्रात्य, मनुस्मृती त्याला नावं ठेवते आणि अथर्ववेदाच्या १५व्या कांडात मात्र व्रात्याची चक्क स्तुती आहे, म्हणजे असल्यांवर भाळायची खोड जुनीच म्हणायची.
पण तुमच्या यादीतला उनाड नीट बघा. उनाड गुरं, मोकाट गुरं, वढाळ गुरं, असले शब्द गोठ्यातले आहेत. बहिणाबाईंचं 'मन वढाय वढाय' आपल्याकडे कोणाला पाठ नाही, त्यातलं वढाय म्हणजे कितीही हाकला, फिरून उभ्या पिकात घुसणारं ढोर. अशा ढोराच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवतात, पळायला गेलं की तो पुढच्या पायांवर आपटतो, त्याला लोढणं म्हणतात. आता पोरगा वाया चालला की आपली माणसं काय म्हणतात? लग्न करून द्या, येईल वळणावर. म्हणजे तुम्ही जिला हीरोइन समजताय ती घरच्यांच्या हिशोबात लोढणं.

तापीकाठ:
सर, माझा शेवटच तो होता हो, ती त्याला सुधरवते आणि तो क्लास लावतो.

अमळनेरची:
मग बदल शेवट. आणि पोरीचे शब्द पण बघ की. सालस, सोज्वळ, सुशील हे लग्नाच्या बायोडाट्यात, बायका ओट्यावर बोलतात ते "पोरगी गरीब गाय शे". म्हणजे दोघं एकाच गोठ्यातले, एक दावणीला बांधलेली नि एक दावं तोडून पळालेला, आणि हे सगळे शब्द मालकाच्या बाजूने तयार झालेले आहेत, कोणाचं पीक खाल्लं, कोण मुकाट्यानं दूध देतं. पोरीला तो कसा दिसतो ते यात नाहीच, म्हणून तुला शब्द सापडत नाहीये.

केळीबाग:
वांड तरी जरा प्रेमानं म्हणतात. "तुना पोऱ्या भलता वांड शे" म्हटलं तर माय रागावत नाही, उलट खूश होते.

अमळनेरची:
माय खूश होते, बरोबर, पण पोरगी नाही म्हणत वांड. आमच्या कॉलेजात पोरी म्हणायच्या "लई माज ए त्याला", आणि एकदा का आवडायला लागला की "नालायक". तेवढंच. 'नालायक कुठला' असं फोनकडे बघून हसत म्हटलं की शेजारची समजून जायची काय चाललंय. तापी, तू नाव शोधू नको, शिवी शोध.

धुळेकर:
माज पण गुरांचाच ना?

अमळनेरची:
हो, तिथून सुटका नाही आपली.

मास्तर:
नालायक मस्तच, संवादात तोच ठेवा. पुस्तकाचं नाव मात्र 'वढाय' करा, आणि ते पोराला लावू नका, पोरीच्या मनाला लावा. बारावीच्या क्लासमधून फिरून फिरून तलावावर जातं ते तिचंच मन.

तापीकाठ:
हे आवडलं सर. पण पब्लिशर पुण्याचे आहेत, वढायला तळटीप मागतील.

धुळेकर:
तळटीप कशाला. पहिल्याच पानावर पोऱ्याला बुलेटसकट कोणाच्या तरी केळीत घुसव आणि मालकाला ओरडू दे.

केळीबाग:
माझ्या नको.