केमेमलीक कोरे राहिले म्हणजे गळती नाही, हे मान्य करता येत नाही

रात्रपाळी: केमेमलीक हे लिनक्सच्या कर्नलमधील (गाभ्यातील) मेमरीची गळती, म्हणजे घेऊन परत न केलेली मेमरी, शोधणारे साधन. ‘केमेमलीक चालवा, त्याने काही दाखवले नाही, तर कर्नलमध्ये गळती नाही आणि वाढलेली मेमरी कॅशची आहे,’ हे मूळ लेखकाचे कालचे विधान वाचून मला राहवले नाही. मेमरीच्या ज्या तुकड्याकडे नेणारा एकही पॉइंटर (त्याचा पत्ता) स्कॅनमध्ये सापडत नाही, तेवढाच केमेमलीक नोंदवते. रेफरन्स काउंट (ऑब्जेक्ट किती ठिकाणी वापरात आहे, ती मोजणी) वाढवून कमी करायचा राहिला आणि ऑब्जेक्ट यादीतच अडकला, तर पॉइंटर शाबूत असतो आणि ऑब्जेक्ट जिवंत समजला जातो. पेज ॲलोकेटरकडून (मेमरीची पूर्ण पाने वाटणाऱ्या भागाकडून) थेट घेतलेली पाने तर ते पाहतच नाही. आमच्या सर्व्हरवर एसअनरिक्लेम (स्लॅब, म्हणजे कर्नलच्या छोट्या ऑब्जेक्टच्या मेमरीतील सोडवून घेता न येणाऱ्या भागाचा आकडा) १९ दिवस चढत होते आणि केमेमलीक कोरे होते.

मूळ लेखक: मोकळी मेमरी कमी दिसली की गळतीची ओरड करणाऱ्यांसाठी मी ते लिहिले होते. ड्रॉप_कॅशेस या कर्नलच्या फाइलीत २ लिहिले की डेंट्री आणि आयनोड (फाइलींची नावे व माहिती यांची कॅश) सुटतात व तक्रार बहुधा तेथेच मिटते. तुम्ही स्लॅबटॉप (कोणती स्लॅब कॅश किती मेमरी घेते ते दाखवणारा प्रोग्राम) वेळीच पाहिले असते, तर १९ दिवस गेले नसते.

रात्रपाळी: ते पहिल्याच दिवशी पाहिले होते आणि त्यानेच मला चकवले. स्लब (स्लॅब मेमरी वाटणारा कर्नलचा भाग) एकाच मापाच्या, सारख्या गुणधर्मांच्या कॅश एकत्र करून त्यांना एकच नाव लावतो. त्या नावामुळे मी तीन दिवस एका निर्दोष फाइल सिस्टिमचा कोड वाचत बसलो. कॅश एकत्र न करण्याचा स्लॅब_नोमर्ज पर्याय देऊन पुन्हा बूट केल्यावर कॅश आमच्या ड्रायव्हरची निघाली. हे विलीनीकरण मुळात डीफॉल्ट का असावे?

पानमोजणी: त्यामुळे मेमरी वाचते आणि विखंडन कमी होते, म्हणून. सिसएफएस या कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फाइल सिस्टिममधील स्लॅब डिरेक्टरीत कोणती कॅश कोणात मिसळली आहे, हे सिम्बॉलिक लिंकवरून दिसते. स्वतःची चूक सर्वांच्या डीफॉल्टवर लादू नका.

रात्रपाळी: पहाटे ओओएम किलर (मेमरी संपल्यावर प्रोसेस बंद पाडणारा कर्नलचा भाग) एकेक प्रोसेस मारत असताना तेथे बसलेल्या माणसाला ‘लादू नका’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते. लिंक होत्या आणि मी त्या पाहिल्या नाहीत, हे मान्य. परंतु त्यांवरून एकत्र कोण राहते एवढेच कळते, जागा कोणी अडवली ते कळत नाही. बूट करताना स्लब_डीबगचा ‘यू’ पर्याय दिल्यास प्रत्येक ॲलोकेशनचा माग राहतो आणि त्या कॅशचे विलीनीकरणही होत नाही.

मूळ लेखक: त्याने प्रत्येक ऑब्जेक्टमागे जास्तीची मेमरी खर्च होते, हेही सांगा. २०२४ च्या ६.१० कर्नलपासून ॲलोकइन्फो हे मेमरीचा हिशेब ठेवणारे साधन आहे. ते कोडच्या ओळीगणिक बाइट मोजते आणि पानेही धरते. माझ्या विधानात ‘गळती नाही’ऐवजी ‘अनाथ (ज्याकडे पॉइंटर उरला नाही असा) ऑब्जेक्ट नाही’ हवे होते, तेवढे बदलतो. आधी ड्रॉप_कॅशेस, हा क्रम मात्र बदलणार नाही.

रात्रपाळी: क्रम राहू द्या, एसअनरिक्लेमवर त्याने फरक पडत नाही, एवढी ओळ तेथे जोडा. ॲलोकइन्फोने आम्हाला फार तर ॲलोकेशनच्या ओळीपर्यंत नेले असते आणि ती ओळ बरोबरच होती. काउंट वाढवणाऱ्या अकरा जागा होत्या. प्रत्येकीवर ट्रेस लावून गेट (काउंट वाढवणे) आणि पुट (कमी करणे) यांच्या जोड्या जुळवल्या, तेव्हा त्रुटी आल्यावर मधूनच परतणाऱ्या एका फंक्शनमध्ये पुट राहिलेले सापडले.